परसबागेतील निवडुंग : आपल्या पावसात कसे जपाल?

(रेडिओवरील शेतीविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. पेण व रोहा तालुक्यांतील शेतकऱ्यांसाठी.)



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. भात, वाल, पावटा, पांढरा कांदा हे सोडून निवडुंगावर काय बोलायचं? बांधावरचा निवडुंग तोडायला आपल्याला सवड मिळत नाही आणि हा गडी तो कुंडीत लावायला सांगतो! पण गेल्या काही वर्षांत पेणच्या बाजारात, रोह्याच्या आठवडी बाजारात आणि जत्रांतून लहान लहान कुंड्यांत कॅक्टस विकायला येऊ लागले आहेत. लेकीसुना हौसेनं घेतात, चार महिने मिरवतात, आणि आषाढात ते झाड कुजून जातं. पैसे जातात आणि हिरमोडही होतो. ते टळावं म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

मी पेणच्या खारेपाटातला. आमच्याकडे चहूकडे पाणी दिसतं, पण ते खारं. आमच्या भागातल्या कित्येक गावांनी एप्रिल-मे महिन्यांत हंडे मांडून टँकरची वाट पाहिलेली आहे. अशा वेळी पिण्याच्या पाण्यातला तांब्याभर मोगऱ्याला घालायला मन धजत नाही. एका उन्हाळ्यात आमच्या अंगणातला मोगरा गेला, जास्वंद गेली. मंडळी फार कष्टी झाली. तेव्हा पुण्याच्या एका पाहुण्यांनी सुचवलं, "वहिनी, तुम्ही निवडुंग लावा. आठवड्याला पेलाभर पाणी पुरतं." फेब्रुवारीत त्यांनी नऊ कुंड्या आणून दिल्या.

पाहुण्यांचं म्हणणं खरं ठरलं. मे महिन्याच्या काहिलीत सगळं गाव करपलेलं असताना त्या नऊ कुंड्या टवटवीत होत्या. एकाला तर गुलाबी फूल आलं. शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. पुढे मृग लागला. मंडळी म्हणाली, "उन्हाळाभर बिचाऱ्यांनी तहान काढली. आता पहिल्या पावसात न्हाऊ देत." आम्ही सगळ्या कुंड्या अंगणात ओळीनं मांडल्या. जुलै संपता संपता नवातली सहा झाडं गेली. वरून हिरवी दिसत होती, पण बोट लावलं तर पिकल्या पपईसारखं आत गेलं. मंडळी म्हणाली, "अहो, उन्हाळ्यात पाण्यावाचून जगलेलं झाड पाण्यानं मेलं, हे आपल्या गावात कुणाला सांगून पटेल का?"

पटो न पटो, गोष्ट खरी आहे. वाचलेल्या तीन कुंड्या कुठं होत्या ते नीट पाहिलं. दोन गोठ्याच्या वळचणीला आत सरकलेल्या होत्या, त्यांना पाऊस लागलाच नव्हता. तिसरी मात्र उघड्यावर होती. पण तिचा बूड फुटला होता आणि ती दगडांच्या ढिगावर ठेवलेली होती. पडेल तेवढं पाणी खालून निघून जात होतं. आज मला सांगायचं आहे ते त्या फुटक्या कुंडीनं मला शिकवलं. ही झाडं तहानेनं सहसा मरत नाहीत. ती साचलेल्या पाण्यानं मरतात.

असं का होतं?

वाळवंटी झाडाची घडणच वेगळी. खऱ्या कॅक्टसचं मूळ घर अमेरिका खंडातलं. तिथल्या कोरड्या मुलखात पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. आपल्या देशात राजस्थानातल्या जैसलमेरला वर्षाला साधारण २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्या पेण-रोह्याकडे ३००० मिलिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहून जास्त. आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणजे वाळवंटाला कित्येक वर्षांत मिळणारं पाणी आपल्याकडे एका आषाढ-श्रावणात पडतं.

या झाडांनी पानं टाकून दिली आणि त्यांचे काटे केले. खोड जाड करून त्यात पाणी साठवलं. अन्न तयार करण्याचं पानाचं काम हिरवं खोडच करतं. आपल्या आंब्या-फणसाच्या पानांची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडी असतात. यांची दिवसा मिटलेली असतात आणि रात्री गारव्याला उघडतात. त्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही. असं काटकसरी झाड कुंडीतलं पाणी भराभर पिऊन टाकत नाही. पावसाळी दमट हवेत तर त्याची ओढ आणखी कमी होते. मग पाणी मातीत तसंच राहतं, मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि कूज वर चढते.

हे आपल्या शेतातल्या उदाहरणानं सांगतो. भाताला आपण बांध घालून पाणी तुंबवतो. पण भात कापल्यावर त्याच जमिनीत वाल लावला, तर त्याला नुसती ओल पुरते. वालात पाणी साचलं तर मूळ कुजतं, हे रोह्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. निवडुंग हा वालाच्याही पुढचा.

आता कोणी विचारील, मग आपल्या डोंगरावरचा निवडुंग एवढ्या पावसात कसा उभा राहतो? तो उतारावर किंवा कातळाच्या फटीत असतो. पाणी पडतं आणि त्याच क्षणी वाहून जातं. आपल्या सह्याद्रीत शिंदळ माकुडी नावाची एक मांसल खोडाची दुर्मिळ वनस्पती आहे. ती महाराष्ट्राबाहेर आढळत नाही. शिवनेरीसारख्या किल्ल्याच्या कड्यावर ती वाढते, पावसाळ्यात पानं धरते, कोरड्या दिवसांत पानं टाकून नुसत्या खोडावर राहते. पाऊस तिला मारत नाही, कारण कड्यावर पाणी थांबत नाही. आपल्यालाही परसात तो कडाच तयार करायचा आहे. मात्र अशी झाडं किल्ल्यावरून उपटून आणू नका. ती आधीच थोडी उरली आहेत.

माती आणि कुंडी

कुंडी मातीची, पक्की भाजलेली घ्यावी. चिनी मातीची किंवा प्लास्टिकची दिसायला छान, पण तिच्या अंगातून ओल बाहेर पडत नाही. जुना डबा वापरायचा असेल तर बुडाला करंगळी जाईल एवढी चार-पाच भोकं पाडावीत. भोकांवर मंगलोरी कौलाची खापरं पालथी ठेवावीत. कुंडी झाडापेक्षा थोडीच मोठी असावी. लहान झाडाला मोठी कुंडी दिली की माती जास्त, म्हणजे ओलही जास्त.

माती भरताना प्रमाण असं ठेवा. दोन भाग जाड वाळू किंवा विटांची चुरी, एक भाग साधी माती, आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत. रोह्याकडच्या वरकस जमिनीची लाल मुरमाड माती याला चांगली. जांभा दगड घडवताना पडणारी चुरीही चालते. त्यात दोन मुठी भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. भाताच्या रोपवाटिकेत आपण जी घालतो तीच. तूस अर्धवट जळून काळं झालेलं असावं. पूर्ण जळालेली पांढरी, पिठासारखी राख नको, ती भोकं बुजवते.

खारेपाटातल्या भावांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शेतातली चिकण खारी माती आणि खाडीची रेती या कामाला अजिबात वापरू नका. मिठानं मूळ जळतं. बांधकामाची गोडी रेती मिळाली तर घ्या, नाहीतर विटांची चुरी उत्तम.

मिश्रण बरोबर झालं का याची परीक्षा सोपी आहे. कुंडी भरून वरून तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात ते खालून वाहू लागलं पाहिजे. वर डबकं राहिलं तर माती ओतून काढा आणि आणखी चुरी घाला.

कोरफड, घायपात किंवा निवडुंग परसात जमिनीतच लावायचे असतील तर सपाटीवर लावू नका. दीड फूट उंचीचा दगडांचा चौथरा रचा. खाली दगडगोटे आणि विटांचे तुकडे, वर हे मिश्रण, आणि माथ्याला चहूबाजूंनी उतार. हाच आपला कडा.

जागा आणि हंगाम

काही झाडं अशा चौथऱ्यावर आपला पाऊस सोसतात. कोरफड, घायपात, पानफुटी, शेर, त्रिधारी निवडुंग ही त्यातली. गोल गोट्यासारखे कॅक्टस, लव असलेले पांढरट कॅक्टस, फुगीर बुडाचं अडेनियम आणि गुलाबाच्या फुलासारखी पानं रचलेली नाजूक झाडं यांना मात्र पावसाळ्यात छप्पर हवंच. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पहिल्या गटापासून करावी.

मृगाच्या आधीच, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, कुंड्या पडवीत घ्याव्यात. पागोळ्यांच्या रेषेपासून दोन हात आत ठेवाव्यात. पडवीला आपण पावसाची झड येऊ नये म्हणून झाप किंवा ताडपत्री बांधतो. मग आत अंधार होतो आणि झाड उजेडाकडे मान लांबवतं, शेंडा बारीक आणि फिका होतो. म्हणून जिकडून झड येत नाही ती बाजू उघडी ठेवून तिथं कुंड्या मांडा आणि आठवड्यातून एकदा फिरवून ठेवा. कुंड्या जमिनीला टेकवू नका. खाली दोन विटा द्या, म्हणजे हवा खेळते आणि गोगलगाईही कमी चढतात.

दसऱ्यानंतर हस्ताचा पाऊस सरला की कुंड्या बाहेर काढा. पण एकदम ऑक्टोबरच्या उन्हात ठेवू नका. चार महिने सावलीत राहिलेलं झाड भाजतं, अंगावर पांढरे-पिवळे डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. आधी आठ-दहा दिवस सकाळचं ऊन द्या, मग उघड्यावर ठेवा.

पाणी किती, केव्हा?

घड्याळ आणि वार पाहून पाणी घालू नका. खराट्याची एक हीर घ्या. कुंडीत बोटभर नाही, बुडापर्यंत खोचा. पाच मिनिटांनी काढून पाहा. हिरीला ओली माती चिकटली असेल तर पाणी नको. कोरडी आली तरच घाला, आणि घालायचं तेव्हा खालून निघेल इतकं घाला. रोज चमचा-चमचा शिंपडणं सर्वांत वाईट.

अंदाजानं सांगायचं तर जून ते सप्टेंबर छपराखालच्या कुंडीला जवळजवळ पाणी लागत नाही. मांसल पानं सुरकुतली तरच घोटभर द्यावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठ-दहा दिवसांनी. डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवसांनी. फेब्रुवारी ते मे आठवड्यानं, तेही उन्हं उतरल्यावर. लहान कुंडीला पेलाभर पुरतं. दहा कुंड्या असल्या तरी आठवड्याला एक कळशी संपत नाही. टँकरच्या गावात याहून स्वस्त बाग दुसरी नाही.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, ते या झाडांना सतत घालू नये. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला तर मीठ साचतंय असं समजावं. पावसाचं पाणी पिंपात भरून झाकून ठेवलं असेल तर ते उत्तम. झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर डास होतात.

खताची घाई करू नका. भाताला देतो तो युरिया यांना नको. युरियानं खोड फुसफुशीत वाढतं आणि पुढच्या पावसात आधी तेच कुजतं. ऑक्टोबरात मूठभर कुजलेलं खत पुरे.

नवी रोपं

आपली जुनी सवय अशी की मृगाचा पाऊस पडला की काडी लावायची. ग्लिरिसिडियाला, जास्वंदीला ते बरोबर. इथं ते उलट आहे. निवडुंगाचा तुकडा पावसाळ्यात लावला तर हमखास कुजतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे महिने धरा. स्वच्छ धारदार सुरीनं तुकडा कापा, कापलेल्या जागेला कोळशाची पूड लावा आणि सावलीत आठवडाभर तसाच पडू द्या. जखम सुकून खपली धरली की कोरड्या मिश्रणात उभा करा आणि आणखी आठ दिवस पाणी घालू नका. कोरफडीची बाजूची पिल्लं मुळासकट काढून लावावीत. पानफुटीचं तर नुसतं पान मातीवर ठेवलं तरी कडेला रोपं फुटतात. काटेरी गोळा उचलताना गोणपाटाची घडी करून त्यात धरावा.

घेताना फसू नका

बाजारात हिरव्या दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेला कॅक्टस मिळतो. ते कलम आहे. त्या रंगीत गोळ्यात हिरवा अंश नाही, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. तो खालच्या खुंटावर जगतो. खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो. आपल्या आंब्याचं कलम पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, हे तसं नाही. चार-दोन वर्षांचाच सोबती समजून घ्या. काही ठिकाणी गोळ्याच्या माथ्यावर वाळकं रंगीत फूल डिंकानं चिकटवून विकतात. फूल महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर ते झाडाचं नव्हे. घेण्याआधी बुडाशी हलकेच दाबून पाहा. मऊ लागलं तर घेऊ नका.

रोग आणि कीड

खाचांतून कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कुंड्या थोड्या असतील तर काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा. जास्त असेल तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा. बुडाशी तपकिरी मऊ डाग दिसला तर कूज लागली. त्याच दिवशी झाड उपटा, चांगला हिरवा भाग लागेपर्यंत कापत जा, दर कापाला सुरी पुसा, आणि राहिलेला शेंडा वर सांगितल्याप्रमाणे सुकवून लावा. बूड गेला तरी शेंडा वाचतो.

चिकापासून डोळे सांभाळा

आता सर्वांत महत्त्वाचं. काटे सगळ्यांना दिसतात, चीक दिसत नाही. शेर, त्रिधारी निवडुंग आणि काटेरी लाल फुलांचं युफोर्बिया हे कॅक्टस नव्हेत. यांच्या अंगात पांढरा दुधासारखा चीक असतो. तो डोळ्यात गेला तर भयंकर दाह होतो आणि नजरेला इजा होऊ शकते. आमच्या घरच्याच एका तरुण मुलानं शेराची वई छाटताना कपाळावरचा घाम हातानं पुसला. रात्रीपर्यंत डोळा मिटला, आणि दोन दिवस तो पोर कण्हत होता. दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून डोळा वाचला.

म्हणून छाटताना बाह्या लांब असाव्यात, हातात मोजे असावेत, डोळ्यांवर साधा चष्मा तरी असावा. वारा तोंडावर येईल असं उभं राहू नये. काम झाल्यावर हात आणि कोयता साबणानं धुवावा. चीक डोळ्यात गेलाच तर ताबडतोब स्वच्छ गोड्या पाण्यानं किमान पंधरा मिनिटं डोळा धूत राहावं आणि थेट डॉक्टरांकडे जावं. तूप, मध, दूध, पाल्याचा रस यांतलं काहीही डोळ्यात घालू नये. अशी झाडं अंगणवाडीच्या वयाची मुलं खेळतात तिथं लावूच नयेत. अडेनियमचा रसही विषारी आहे. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात, हेही लक्षात असू द्या.

छाटलेले तुकडे गायरानात किंवा ओढ्यात फेकू नका. फड्या निवडुंगाचा एकेक फडा जिथं पडेल तिथं मूळ धरतो. ही जात आपली नव्हे, अमेरिकेतून आलेली. १७९५ साली लाल रंग मिळवण्यासाठी ब्राझीलहून कलकत्त्याला एक किडा आणला. तो रंगाच्या कामी निकृष्ट निघाला, पण त्यानं एका जातीचा निवडुंग खाऊन साफ केला. दुसऱ्या जातीचं रान दक्षिण भारतात इतकं माजलं की १९२६ साली तिच्यासाठी सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, दुसरा किडा आणावा लागला. तेव्हा हौस आपल्या परसात ठेवा, गावाच्या चराऊ रानात सोडू नका.

शेवटी थोडक्यात सांगतो.

१) निचरा आधी, झाड नंतर.
२) मृगाआधी छपराखाली, दसऱ्यानंतर हळूहळू उन्हात.
३) हीर कोरडी आली तरच पाणी.
४) काडी पावसाळ्यात लावू नये, लावण्याआधी आठवडाभर सुकवावी.
५) खारी माती, खाडीची रेती आणि युरिया वर्ज्य.
६) चिकापासून डोळे जपा.

झाडाच्या दुखण्याबद्दल अधिक विचारायचं असेल तर रोह्याजवळ किल्ला येथे कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. दुखरं झाड कागदात गुंडाळून सोबत न्या.

आमच्या अंगणात त्या तीन कुंड्यांच्या आज वीसेक झाल्या आहेत. मे महिन्यात विहीर तळाला गेली तरी मंडळी निवांत असते. काळजी तिला जूनची लागते. पहिला ढग दिसला की ती भात पेरणीची चौकशी करण्याआधी मला हाक मारते, "अहो, कुंड्या आत घ्या!" तुम्हीही तेवढं करा, म्हणजे तुमच्या घरचा निवडुंगही पुढच्या वैशाखात फुललेला दिसेल.